रिकामी गाडी नेऊ नये

आमच्या पिकअपमधून पांढुर्ण्याहून सौंसरला गेलेला माणूस उतरल्यावर लगेच बोलत नाही. आधी थोडा उभा राहतो. आपले अवयव जागच्या जागी आहेत की नाहीत, याची तो मनातल्या मनात हजेरी घेत असतो. तसं पांढुर्ण्याच्या माणसाला दगडांचं नवल नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर आमची आणि सावरगावची गोटमार होते, तेव्हा दगड वरून येतात. बाकीचे 364 दिवस ते चाकाखालून येतात, एवढाच काय तो फरक.

गाडी महिंद्राच्या जुन्या जीपच्या घराण्यातली, मागे हौदा असलेली, वयानं माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. बाबांनी तिच्यातून आयुष्यभर संत्री वाहिली. पुढं एकच सलग अ‍ॅक्सल आणि त्याच्या दोन्ही टोकांना कमानीचे पाटे. डावं चाक दगडावर चढलं की उजवंही तिरपं होतं. एका घरातल्या दोन जावांसारखं: एकीचं बिनसलं की दुसरीचं तोंड वाकडं. नव्या गाड्यांमध्ये दोन्ही चाकांची चूल वेगळी असते. दगड ज्याच्या वाट्याला आला त्यानं तो सोसावा, शेजाऱ्याला खबरसुद्धा लागत नाही.

डॉक्टरांनी माझ्या कंबरेचा फोटो उजेडात धरला आणि म्हणाले, गाडी बदला. गाडी बदलणं शक्य नव्हतं, कारण ती बाबांची. मग मी मधला मार्ग काढला. गाडी तीच ठेवायची, फक्त तिचे पुढचे पाय नवे बसवायचे.

हे खूळ माझ्या एकट्याचं नाही. अमेरिकेत हा रीतसर धंदा आहे. तिथं 1974 ते 1978 या काळात फोर्डची मस्टँग टू नावाची मोटार निघाली. मस्टँगच्या नावाला बट्टा लावला म्हणून शौकिनांनी तिच्यावर नाकं मुरडली. पण तिचा पुढचा सांगाडा आटोपशीर होता. तो काढून लोक पन्नास-साठ वर्षांच्या पिकअपला बसवू लागले, आणि आता त्याच नमुन्याचे तयार संच मिळतात. गाडी बदनाम झाली, पाय अमर झाले. इतक्या लांब तरी कशाला जा? 2010 साली महिंद्रानं थार काढली तेव्हा तोंडवळा जुन्या जीपचाच ठेवला, पण पुढं प्रत्येक चाकाला स्वतंत्र सस्पेन्शन आणि टॉर्शन बार दिला. मागे मात्र पाटेच. म्हणजे पुढं बसणारा शहरात आणि मागे बसणारा गावात. कंपनीला जे चालतं ते मला का चालू नये?

मिस्त्री मूळचा सौंसरचा. मी विचारलं, "मिस्त्री, हिच्या पुढं नव्या गाडीचं सस्पेन्शन बसेल का?"

"बसन ना भाऊ. वेल्डिंगनं काय नाही बसत?"

हे उत्तर ऐकून माझा उत्साह वाढायला हवा होता. तो कमी झाला.

मग त्यानं टेप काढला. मी भंगारात पाहून ठेवलेला सांगाडा आमच्या गाडीपेक्षा रुंद निघाला. चाकं मडगार्डच्या बाहेर डोकावणार होती. रुंदी वाढवणं म्हणजे काय, हे सौंसरच्या माणसाला सांगावं लागत नाही. सौंसरवरून जाणारी रेल्वेची नागपूर-छिंदवाडा छोटी लाइन 2015 मध्ये बंद झाली, 762 मिलिमीटरच्या जागी 1676 ची वाट घालायला. आणि मोठी गाडी पुरती सुरू व्हायला पुढं कितीतरी वर्षं गेली. मिस्त्रीनं तेवढा वेळ मागितला नाही, पण यादी सांगितली. चॅसीला आडवा मेंबर जोडा. स्टीअरिंगचा दांडा नव्यानं जुळवा, नाहीतर खड्ड्यात चाक खाली-वर झालं की गाडी आपल्या मनानं वळते. ब्रेक बदला. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहेच. कंपनीनं ठरवलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करू नये, असं ते म्हणतं, आणि 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानंही ते बजावलं. आमचं आरसी बुक छिंदवाड्याचं. पांढुर्णा 2023 मध्ये वेगळा जिल्हा झाला, त्यामुळे कागद घेऊन आधी कुठल्या खिडकीशी उभं राहायचं, इथपासून माझी तयारी होती.

"पन मी काय म्हंतो," मिस्त्री गाडीखालून बोलला, "हे पाटे कवा खोलले होते?"

कधीच नाही. त्यानं यू-बोल्ट सोडले आणि पाटे सुटे केले. एकमेकांवर सरकायला हवेत ते पाटे गंजून एकच लोखंडी पहार झाले होते. त्यानं ते घासले, मध्ये ग्रीस भरलं, शॅकलचे बुश आणि दोन्ही शॉकप नवे टाकले. बिल सांगत नाही, कारण त्या आकड्यात कुणाला नवं सस्पेन्शन मिळाल्यासारखं वाटेल असं काही नव्हतं.

गाडी निम्मी सुधारली. पुढचा दणका मवाळ झाला, पण मागचा हौदा अजून उडत होता.

"तो रिकामा हाय म्हनून," मिस्त्री म्हणाला. "मागचे पाटे वजनासाठी बनवले. वजन नसलं का ते दबतच नाही. आन् निम्मी कंबर मागच्या उडीनंच जाते, भाऊ."

मी तिथंच फळीवर बसलो. रिकामी गाडी नेऊ नये, असं बाबा नेहमी म्हणायचे. आंबिया बहार संपला, मृगाला वेळ असला, तरी हौद्यात दोन पोती रेती असायचीच. रस्त्यात हात दाखवील त्याला ते घ्यायचे. बाबांना मी देवमाणूस समजत होतो. आईही समजत होती.

हल्ली मीही रिकामी गाडी नेत नाही. परवा फाट्यावर तीन माणसं, एक शेळी आणि जामसावळीच्या हनुमानाला निघालेलं एक नवं जोडपं, एवढे जण मागे घेतले. जामसावळीचा मारुती निजलेला आहे. त्याच्या दर्शनाला जाताना भक्तांची हाडं निदान शाबूत असावीत. मिस्त्रीच्या दुकानासमोर मी गाडी हळू केली, त्यानं कौतुक करावं म्हणून. तो हातातला पाना खाली न ठेवता हौद्याकडे पाहत राहिला.

"चांगलं हाय," म्हणाला, "पन आनखी एखादा जाडजूड पाह्याले पाह्यजे होता."