करंट आहे तोवर

गोठवायच्या पदार्थांच्या सगळ्या पाककृती शेवटी एकाच वाक्यावर येऊन थांबतात: मिश्रण साच्यात ओता आणि रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. लिहिणारी बाई कर्नाटकातल्या आमच्या जोयडा तालुक्यात कधी राहिलेली नाही, हे त्यावरून लगेच ओळखू येतं. आमच्याकडे रात्र आहे, फ्रीझरही आहे. त्या दोघांची गाठ घालून देणारा करंट मात्र स्वतःच्या मर्जीने येतो-जातो.

गंमत म्हणजे हा करंट आमच्याच माहेरचा. काळी नदी उगम पावते ती आमच्या तालुक्यात, डिग्गीच्या बाजूला. गणेशगुडीला तिच्यावर सुपा धरण उभं आहे, 101 मीटर उंच. धरणाच्या पायथ्याला 100 मेगावॅटचं वीजघर, आणि तेच पाणी पुढे नागझरीच्या वीजघरात गेलं की त्याच्या जवळजवळ नऊपट वीज देतं. जुनं सुपा गाव काळी आणि पांढरी नद्यांच्या संगमावर होतं. ते पाण्याखाली गेलं, तालुक्याच्या कचेऱ्या जोयड्याला आल्या, कितीतरी कुटुंबं उठून रामनगरला वसली. इतकं सगळं देऊन झाल्यावर वाटीभर दही गोठेपर्यंत करंट राहावा, एवढी मागणी काही फार नाही. पण तारा जातात जंगलातून. त्यात कॅसल रॉकसारखं धो धो पावसाचं ठिकाण तालुक्यातच. वळवाच्या वाऱ्यात एक फांदी तारेवर पडते. बेंगळुरातल्या फ्रीजांना त्याचा पत्ताही लागत नाही आणि आमच्या फ्रीजखाली फडकं अंथरायची वेळ येते.

अशा घरात मे महिन्याच्या सुट्टीला पुण्याहून भाची आली आणि म्हणाली, “मावशी, आपण फ्रोझन योगर्ट बाइट्स करूया ना. एकदम सोप्पं असतं.” तिने मोबाइलवरून सामान वाचून दाखवलं: स्ट्रॉबेरी, ब्लूबेरी, ग्रीक योगर्ट, सिलिकॉनचा साचा. जोयड्याच्या बाजारात यातलं काय मिळेल, याचा मी मनातल्या मनात फेरफटका मारला आणि साचा सोडून बाकी सगळं घरातच आहे, असं तिला सांगून टाकलं. तिने माझ्याकडे जरा संशयानेच पाहिलं.

दह्यापासून सुरुवात केली. आमच्याकडे दूध येतं गवळीवाड्यावरून. जोयडा, हल्याळ, यल्लापूर या पट्ट्यात धनगर गवळ्यांच्या वस्त्या आहेत. घरात बोलतात मराठीच, पण तिची चाल वेगळी, पुण्याच्या भाचीला दर तिसऱ्या वाक्याला “म्हणजे?” विचारायला लावणारी. म्हशी रानात चरतात, त्यामुळे दुधाला दाटपणा असतो आणि दही असं लागतं की डावाने काढलं तर कडा उभ्याच्या उभ्या राहतात. ते मलमलच्या फडक्यात बांधून खुंटीला टांगलं, खाली पातेलं ठेवलं. शहरात डबीतल्या घट्ट दह्याला लोक देतात ती किंमत भाचीने सांगितल्यावर सासूबाईंनी खुंटीकडे बघून एक हिशेब केला. गेल्या पन्नास वर्षांत श्रीखंडासाठी टांगलेल्या चक्क्याचे त्या भावाने किती झाले असते, याचा. त्या दिवशी त्या जरा गप्पच होत्या.

दूधवाल्या काकूला हे सगळं सांगितलं तेव्हा ती खुंटीवरच्या पुरचुंडीकडे बघत म्हणाली, “दही अजून गार कशाला करायचं? दही गारच असतंय की.” याला उत्तर नव्हतं.

दही टांगायला मात्र हवंच. दह्यात बहुतेक पाणीच, आणि घरातला फ्रीझर सावकाश गारठवतो. सावकाश गोठणाऱ्या पाण्याचे खडे मोठे होतात. त्यामुळे नुसतं दही साच्यात ओतलं तर दुसऱ्या दिवशी दातांखाली खडीसाखरेचा आवाज येतो, चव मात्र खडीसाखरेची नसते. पाणी निथळून गेलं, म्हशीचं साय-लोणी राहिलं आणि साखर घातली, की खड्यांना मोठं व्हायला जागाच मिळत नाही. साखर विरघळलेलं पाणी शून्याच्या खाली गेल्याशिवाय गोठत नाही, शिवाय काही भाग शेवटपर्यंत न गोठता राहतो आणि तोच जिभेला मऊ लागतो. म्हणून साखर हात राखून घालणाऱ्यांनी हा पदार्थ करू नये. त्यांनी ताक प्यावं.

फळांचं म्हणाल, तर मे महिन्यात जोयड्यात फळं आणावी लागत नाहीत, ती लोकांना देऊन संपवावी लागतात. त्यात फणस पहिला. ज्याच्या दारात झाड आहे तो शेजाऱ्याला देतो, आणि शेजाऱ्याच्या दारात झाड असलं तर दोघं मिळून तिसऱ्याकडे जातात. बरक्याचा रस काढून त्याची साठं घालायची, कापा नुसता खायचा, ही रीत. पण बरक्याचा गर चाळणीवर घासून चक्क्यात मिसळला आणि गोठवला, तर जे काही होतं त्यापुढे ब्लूबेरीने मान खाली घालावी. कापा फणसाचे गरे बी काढून तसेच फ्रीझरमध्ये टाकले तर बाहेरून कुरकुरीत आणि आतून चिवट होतात, आणि मुलं ते गोळीसारखे चघळत हिंडतात. वेलची केळ्यांचे तुकडे गोठवून मिक्सरला फिरवले की दूध-साय काही न घालता मलईदार गोळा होतो. यात माझं कसब काही नाही, केळ्याचा गरच तसा.

आंब्यांत मला विचाराल तर अंकोल्याचा करी इशाड. साल इतकी पातळ की प्रवास सोसत नाही, म्हणून घाटावर त्याला फारसं कोणी ओळखत नाही. 2023मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं तरी साल काही जाड झाली नाही. अंकोल्याहून घाट चढून येईपर्यंत पेटीतला निम्मा आंबा आपण होऊनच रस झालेला असतो. गोठवायला तो उत्तम, अर्धं काम रस्त्यानेच केलेलं असतं.

भिरंडेचं, म्हणजे कोकमाच्या फळाचं, जरा जपून. भिरंड आंबट, दही आंबट, दोघांची गाठ घातली तर खाणाऱ्याचा एक डोळा मिटतो. साखरेत मुरवलेल्या भिरंडेचा चमचाभर रस वरून सोडावा, तेवढ्याने गुलाबी रेघ उमटते आणि भाची फोटो काढते. तिच्या धाकट्या भावाने उरलेली सोलकढीही साच्यात भरून ठेवली होती, लसूण आणि मिरचीसकट. त्या प्रकाराविषयी मी काही लिहीत नाही.

साच्याचा प्रश्न आप्पेपात्राने सोडवला. जन्मभर चुलीची धग सोसलेल्या त्या बिचाऱ्याला उतारवयात फ्रीझर दाखवला, आणि ते तिथेही तितक्याच इमानाने बसलं. आप्प्याच्या खळग्यात चमचाभर चक्का, त्यावर फणसाचा गर, वर काजूचा तुकडा. काढताना पात्राच्या बुडाला क्षणभर ओला हात लावायचा, गोळा सुटतो. दुसरा प्रकार हळदीच्या पानाचा. पातोळीसारखं पान पसरून त्यावर आंबा-चक्का थापायचा, पान दुमडून गोठवायचं. पानाचा वास दह्यात उतरतो. हे मी कुठे वाचलेलं नाही, पण कुणी आधीच केलेलं असलं तर माझा दावा नाही.

सासूबाईंचा विरोध होता, पण तो शास्त्राला धरून होता. आंबट फळ आणि दूधदुभतं एकत्र करू नये, रात्री दही खाऊ नये. रात्रीच्या दह्याचं तर थेट चरकसंहितेत आहे, त्यामुळे वाद घालायची सोय नाही. गारठ्याने घसा धरतो हे तिसरं कलम. त्यावर मी जमशेटजी जीजीभाईंची गोष्ट सांगितली. 1834मध्ये त्यांनी मुंबईत पाहुण्यांना जेवणात आइस्क्रीम वाढलं आणि यजमानासकट मंडळींना सर्दी झाली, असं सांगतात. ही गोष्ट मी माझ्या बाजूने सांगायला घेतली होती, पण ती त्यांच्या बाजूची निघाली. मग त्यांनी तोडगा काढला: दुपारी तीनला, ऊन असताना खायचं. चरकाने दुपारचं काही म्हटलेलं नाही.

त्या काळचा बर्फ यायचा अमेरिकेहून. फ्रेडरिक ट्यूडर नावाचा बोस्टनचा व्यापारी तिथल्या तळ्यांतला बर्फ कापून जहाजाने पाठवायचा. 1833मध्ये त्याचं पहिलं जहाज कलकत्त्याला पोचलं. चार महिन्यांचा प्रवास, दोनदा विषुववृत्त ओलांडून, आणि निघतानाच्या 180 टनांपैकी 100 टनांच्या आसपास बर्फ शाबूत. सोबतीला काय, तर लाकडाचा भुसा. मी हे वाचल्यापासून आमच्या फ्रीजकडे जरा तुच्छतेनेच बघते. त्याच्याकडे कॉम्प्रेसर आहे, दोन वर्षांची वॉरंटी होती, आणि तासाभराच्या अंधारात त्याचा धीर सुटतो.

तरी धीर धरायला लावता येतं. रिकामा फ्रीझर लवकर तापतो, भरलेला टिकतो. म्हणून मी प्लॅस्टिकच्या बाटल्यांत जरासं मीठ घातलेलं पाणी भरून कडेने उभ्या करते. काठोकाठ भरायच्या नाहीत, पाणी गोठताना फुगतं आणि बाटली फुटते. मिठाचं पाणी शून्याच्या खाली गोठतं, त्यामुळे वितळायला लागलं तरी आजूबाजूला गारवा धरून ठेवतं. लहानपणी पॉट आइस्क्रीम फिरवताना बर्फात मूठ मूठ खडेमीठ टाकायचे, त्यामागचं कारण हेच. तेव्हा आमचं लक्ष फक्त पॉट फिरवायची पाळी कुणाची याच्यावर असायचं. करंट गेला की आणखी एक नियम लागू होतो, फ्रीझरचं दार उघडायचं नाही. हा नियम पाळायला मुलं नसलेलं घर लागतं.

आणि वितळलंच, तर? इथेच शहरातल्या पाककृतीचं आणि आमचं पटत नाही. तिकडे वितळलं म्हणजे बिघडलं. आमच्याकडे एकच पदार्थ करंटच्या वेळापत्रकाप्रमाणे वेगवेगळ्या नावांनी ताटात येतो. पूर्ण गोठलेला असला तर बाइट्स. अर्ध्या तासाने जरा सैल झाला की तोच खरा खायला चांगला, हे माझं ठाम मत, कारण फार गार जिभेला गोडी कळत नाही. मग आम्रखंड, सोबत पुऱ्या असल्या तर उत्तमच. आणखी उशीर झाला की पेल्यात ओतून जायफळ किसायचं आणि पियूष म्हणायचं. पाहुणे येतात त्या वेळी जे असेल ते आम्ही मुद्दामच केलेलं असतं. फक्त पुन्हा गोठवायला ठेवायचं नाही. चवही जाते, पोटही बिघडतं.

सासूबाईंनी या सगळ्यातून स्वतःचा एक फायदा शोधला. साध्या, बिनसाखरेच्या दह्याचे गोळे त्यांनी आप्पेपात्रात वेगळे गोठवले. गारठ्याने दह्यातले जंतू बहुतेक मरत नाहीत, नुसते निजतात. कोमट दुधात गोळा सोडला की उठून कामाला लागतात. विरजण संपलं म्हणून वाटी घेऊन शेजारी जायची वेळ आता येत नाही. मात्र त्यामुळे शेजारच्या बातम्या घरात उशिरा पोचतात, अशी तक्रार त्यांनीच केली.

जून लागला की हा कारभार बंद. फणस झाडावरच फुटायला लागतात, भाची पुण्याला गेलेली असते, आणि पावसाने तारांना एकदा धरलं की करंटची वाट बघणंच आपण सोडून देतो. भिंतींना ओल येते, मिठाला पाणी सुटतं, काडेपेटी पेटत नाही. मग घरातली एकच कोरडी, घट्ट दाराची जागा उरते, ती म्हणजे बंद फ्रीज. त्यात आम्ही पापड ठेवतो, उदबत्त्या, काडेपेट्या, रेशनकार्ड आणि बँकेची पासबुकं. पंचाईत होते ती मध्यरात्री अचानक करंट आला तर. तेव्हा अंथरुणातून उठून, दिवे लागल्याचा आनंद बाजूला ठेवून, पासबुकांना सर्दी व्हायच्या आत आधी फ्रीजचा प्लग काढायला धावावं लागतं.