ज्यानं विचारलं तोच अडकला

महाराष्ट्रात स्वतःचं घर बांधणाऱ्यांचे दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गातला माणूस आधी परवानगी मागतो आणि मग घर बांधतो. दुसऱ्या वर्गातला आधी घर बांधतो आणि परवानगीचं काय ते निवडणूक जवळ आली की बघतो. पहिल्याला सुजाण नागरिक म्हणतात. दुसऱ्याला शेजारी म्हणतात, कारण तो आधी राहायला येतो. आपल्या कायद्यांनी मुद्दाम नसेल, पण न चुकता, या दुसऱ्याचीच बाजू घेतली आहे. त्यामुळे परवानगीच्या फेऱ्यात सापडलेल्यानं आपलं कुठे चुकलं हे शोधत बसून रक्तदाब वाढवून घेऊ नये. त्याचं चुकलं ते एवढंच की त्यानं विचारलं.

पुरावा अर्जापासूनच सुरू होतो. अर्जाला सातबारा लागतो, आठ-अ लागतो, फेरफाराचा उतारा, झोन दाखला, मोजणीची 'क' प्रत लागते, आणि यातल्या प्रत्येक कागदावरचं क्षेत्र दुसऱ्या कागदावरच्या क्षेत्राशी जुळावं लागतं. ते जुळत नाही. मूळ मोजणी इंग्रजांच्या काळात साखळी टाकून झालेली, आजची उपग्रहाकडून खुणा घेणाऱ्या यंत्रानं. दोन्हींत अर्ध्या गुंठ्याचा फरक निघाला, तर तो इंग्रजांच्या नावावर न पडता अर्जदाराच्या नावावर पडतो. शिवाय सातबारावर आजोबा अजून हयात असतात. दोन आत्यांनी हक्कसोड लिहून दिलेलं असतं, पण त्याचा फेरफार मंजूर व्हायचा असतो. मोजणीचे तर आपल्याकडे बरीच वर्षं चार प्रकार होते : साधी, तातडीची, अतितातडीची आणि अति-अतितातडीची. विशेषणं संपली तरी घाई संपेना, म्हणून २०२४ च्या अखेरीस सरकारनं 'नियमित' आणि 'द्रुतगती' असे दोनच प्रकार ठेवले. भाषा सुधारली. भूकरमापक कधी येणार, हे मात्र अजूनही भूकरमापकालाच ठाऊक असतं. एवढं झाल्यावर नकाशा. त्यात प्लॉटची हद्द जाड काळ्या रेषेत, नवं बांधकाम लाल, सांडपाण्याची वाहिनी लाल तुटक रेषेत, जुनं काही पाडायचं असेल तर त्यावर पिवळ्या रेघा. हे रंग नियमावलीनंच नेमून दिले आहेत, आणि हॉलला कुठला रंग द्यायचा यावर घरात पहिलं भांडण होण्याआधी मालकाला ते तोंडपाठ झालेले असतात.

आता अर्ज आत गेला. म्हण सांगते, सरकारी काम आणि सहा महिने थांब. कायदा म्हणीपेक्षा कितीतरी उदार आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ याच्या ४५ व्या कलमात स्वच्छ लिहिलं आहे की नियोजन प्राधिकरणानं ६० दिवसांत निर्णय कळवला नाही, तर परवानगी मिळाली असं मानायचं. वाचून ऊर भरून येतो. पण तेच कलम पुढे असंही म्हणतं की हे ६० दिवस अर्ज पोचल्यापासून मोजायचे, किंवा प्राधिकरणानं मध्येच काही मागितलं असेल तर अर्जदाराचं उत्तर पोचल्यापासून. यातलं जे नंतरचं असेल तिथून. सगळी गंमत या 'नंतरचं' मध्ये आहे. छप्पन्नाव्या दिवशी एक त्रुटीपत्र निघालं की काटा पुन्हा शून्यावर येतो. पत्रात लिहिलेलं असतं, 'नकाशावर उत्तर दिशा दर्शविलेली नाही.' ती दर्शवून नकाशा पुन्हा द्यावा, तर पुढच्या पत्रात जिन्याच्या पायरीची रुंदी येते. ती दुरुस्त करावी, तर मागच्या बाजूचं सामासिक अंतर येतं. तिन्ही त्रुटी पहिल्याच दिवशी एकाच कागदावर दिसत होत्या. पण सगळ्या एकदम सांगून टाकल्या तर पुढच्या वेळी सांगायला काय उरणार? दोन पत्रांच्या मधल्या काळात उत्तर दिशा हलत नाही, हाच काय तो दिलासा.

समजा, एखाद्या अर्जदाराचं नशीब थोर, पत्र कुठेतरी टेबलाखाली राहिलं आणि ६० दिवस सरले. मग ही मानीव परवानगी लागू होते, पण आराखडा नियमांत तंतोतंत बसत असेल तरच. नाहीतर झालेलं काम विनापरवाना ठरतं. ते बसतं की नाही हे कोण सांगणार? ज्यांनी ६० दिवसांत सांगितलं नाही तेच. आणि तोवर घर बांधायला पैसे हवेत म्हणून बँकेत जावं, तर बँक मानीव परवानगीवर फार तर मानीव कर्ज देईल. कायद्यानं दिलेला हा हक्क असा नीट घडी घालून कायद्यातच ठेवलेला आहे.

याहून मौजेची गोष्ट वयाची. नगररचना कायद्याच्या ४८ व्या कलमानुसार परवानगीची, म्हणजे प्रारंभ प्रमाणपत्राची, मुदत एक वर्षाची. त्यात काम सुरू झालं नाही, तर वर्षावर्षानं मुदतवाढ मागायची, आणि तीही सगळी मिळून तीन वर्षांच्या वर नाही. मग पुन्हा नवा अर्ज, नवी उत्तर दिशा. आता न विचारता बांधलेल्याचं वय पाहा. गुंठेवारीची बांधकामं नियमित करण्याचा कायदा २००१ चा. त्यात १ जानेवारी २००१ ही मर्यादा होती, आणि यापुढे एकही चालणार नाही असं तेव्हा बजावलेलं होतं. २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन ती मर्यादा ३१ डिसेंबर २०२० झाली. मधल्या वीस वर्षांत ज्यांनी त्या इशाऱ्याकडे काणाडोळा केला, त्यांचा अंदाज बरोबर ठरला. नगररचना कायद्यात २०१७ साली ५२-अ हे कलम घालून ३१ डिसेंबर २०१५ पर्यंतच्या अनधिकृत बांधकामांना प्रशमन शुल्क भरून अधिकृत होण्याची वाट मोकळी केली. तुकडेबंदी मोडून घेतलेल्या गुंठ्या-दोन गुंठ्यांसाठी आधी रेडी रेकनरच्या मूल्याच्या २५ टक्के भरायला सांगितले. लोक भरेनात, म्हणून २०२४ मध्ये ५ टक्के केले. २०२५ मध्ये तेही माफ करायचं ठरलं. परवानगी दुधासारखी नासते आणि बेकायदा बांधकाम लोणच्यासारखं मुरतं, असा हा कारभार आहे. ज्यानं २५ टक्के वेळेत भरले, त्याच्याइतका फसलेला माणूस आज राज्यात शोधून सापडणार नाही. तो बिचारा कायदा मोडूनही नियमानं वागायला गेला.

यावर नगररचना विभागाचं उत्तर तयार असतं, आणि ते उडवून लावण्यासारखं नाही. ते म्हणतात, नियम हौसेखातर केलेले नाहीत. सामासिक अंतर सोडलं नाही तर आगीचा बंब आत जात नाही, पाया तपासला नाही तर माणसं मरतात. अगदी खरं. ४ एप्रिल २०१३ ला मुंब्र्याजवळ शीळफाट्याच्या लकी कंपाउंडमध्ये इमारत कोसळून ७४ माणसं मेली. त्या इमारतीला परवानगी नव्हती. मजल्यावर मजले चढत गेले, ते रस्त्यावरून जाणाऱ्या कुणालाही दिसत होते, आणि नंतर अटक झालेल्यांत पालिकेचे अधिकारीही होते. म्हणजे सुरक्षेचा दाखला जिथून दिला जातो, तिथेच या व्यवस्थेचं बिंग फुटतं. तपासणीची सगळी ताकद अर्ज केलेल्याच्या पायरीच्या रुंदीवर खर्च होते, आणि ज्याच्या इमारतीला पायाच धड नाही तो तपासणीच्या यादीतच नसतो, कारण त्यानं अर्ज केलेला नसतो. अर्जदाराचा पत्ता फाइलीत असतो. दुसऱ्याचा शोधायला उन्हात हिंडावं लागतं.

दुसरा आक्षेप अधिक हळवा आहे. गुंठेवारीत राहतात ते रिक्षावाले, गवंडी, घरकाम करणाऱ्या बाया. त्यांना नियमित करणं ही माणुसकी आहे, तिची थट्टा कसली करता? माणुसकी आहेच. छत्रपती संभाजीनगरात किंवा पुण्याच्या उपनगरांत गुंठा घेणाऱ्यानं मंजूर लेआउटमधला प्लॉट परवडत होता तरी चैन म्हणून बेकायदा घेतला, असं कुणी म्हणणार नाही. पण ही माणुसकी मागच्या दारानंच का येते? त्याच पगाराचा दुसरा माणूस मंजूर प्लॉटसाठी कर्ज काढतो, विकास शुल्क, छाननी शुल्क आणि कामगार उपकर भरतो आणि चाळीतल्या भाड्याच्या खोलीत त्रुटीपत्राची वाट पाहतो. त्याच्यासाठी कधी अभय योजना निघाल्याचं ऐकलंय? गरिबाला सवलत द्यायचीच, तर ती पुढच्या खिडकीवर, अर्जाच्या दिवशी देता येते. फक्त तिथे फलक लावायला आणि हार घालून घ्यायला जागा कमी पडते.

तिसरा आक्षेप सुधारणावाद्यांचा, आणि त्यांच्या हातात खरोखर एक चांगला पत्ता आहे. डिसेंबर २०२० मध्ये बृहन्मुंबई आणि आणखी काही क्षेत्रं वगळून राज्यभर एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली आली. १५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवर घर बांधायचं तर परवानाधारक अभियंत्याची सही, कागद आणि शुल्काची पावती पुरते. ३०० चौरस मीटरपर्यंत दहा दिवसांत परवाना. गावांत तर यासाठी नगररचनाकाराकडे जायचीही गरज नाही, ग्रामपंचायतीतच काम होतं. इतक्या वर्षांत घर बांधणाऱ्याच्या बाजूनं झालेला हा सगळ्यात शहाणा नियम आहे, हे उपहास बाजूला ठेवून मान्य करायला हवं. मात्र तो नियम सुरू होतो प्लॉट निर्विवाद असेल तिथून. म्हणजे सातबारावरचे आजोबा आणि आत्या यांचा निकाल लागल्यानंतर. आणि तो आहे हे गावात किती जणांना ठाऊक आहे? पानाच्या टपरीवर विचारलं तर अजूनही 'साहेबांना भेटून घ्या' हीच नियमावली चालू असल्याचं कळतं.

याच सुधारणावाद्यांना ऑनलाइन छाननीचाही अभिमान असतो. संगणक नकाशा तपासतो, माणसाचा हात लागत नाही. उत्तम. जागतिक बँकेच्या व्यवसायसुलभतेच्या क्रमवारीत बांधकाम परवान्यांच्या बाबतीत भारत २०१८ च्या अहवालात १८१ वा होता, पुढच्या वर्षी ५२ वा आणि २०२० च्या अहवालात २७ वा. दोन वर्षांत दीडशे पायऱ्या! फक्त ही क्रमवारी ठरत होती ती मुंबई आणि दिल्ली या दोनच शहरांवरून, आणि परवानगी धरली होती एका काल्पनिक, दोन मजली, सुमारे १,३०० चौरस मीटरच्या गोदामाची. अस्तित्वात नसलेल्या गोदामाला परवानगी देण्यात आपण जगात सत्ताविसावे आलो, आणि त्या गोदामाला एकही आत्या नव्हती हे लक्षात घेतलं तर यात नवल नाही. पुढे इतर काही देशांच्या आकड्यांत गडबड निघाल्यावर बँकेनं २०२१ मध्ये तो अहवालच बंद केला.

मग जो विचारून बसलाच आहे, त्यानं काय करावं? दुसऱ्या वर्गात बदली मागावी, असा सल्ला इथे दिला जाणार नाही. माफी विधिमंडळ देतं, न्यायालय देत नाही. १७ डिसेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं आहे की अधिकाऱ्यांनी वर्षानुवर्षं डोळेझाक केली किंवा मालकानं पैसा ओतला म्हणून बेकायदा बांधकाम कायदेशीर होत नाही. लोणचं मुरण्याआधीच बरणी फुटली तर भरपाई कुणी देत नाही. पहिल्या वर्गातल्यानं आपलं उद्दिष्ट मात्र बदलावं. परवानगीच्या मागे लागलेला माणूस हसऱ्या चेहऱ्यानं वर्षभर फिरवला जातो. त्यानं नकाराच्या मागे लागावं. लेखी नकार ही या व्यवहारातली सर्वांत दुर्मीळ वस्तू आहे. तो मिळाला की ४७ व्या कलमाखाली ४० दिवसांत शासनाकडे अपील करता येतं. 'बघतो', 'साहेब मीटिंगला गेलेत', 'पुढच्या आठवड्यात या' यांच्याविरुद्ध या कलमाखाली अपील होत नाही, म्हणूनच ती इतक्या उदारपणे वाटली जातात. तोंडी सांगितलेली प्रत्येक त्रुटी कागदावर मागावी, आणि उत्तरात स्वच्छ लिहावं की याखेरीज आणखी काही त्रुटी असल्यास त्या सगळ्या एकाच पत्रानं कळवाव्यात. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाखाली बांधकाम परवाना, जोते प्रमाणपत्र आणि भोगवटा प्रमाणपत्र या सेवांना मुदत ठरवून दिलेली आहे. ती टळली तर आधी पहिलं अपील, मग दुसरं, मग आयोग. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला दंड ५०० ते ५,००० रुपये आहे. रक्कम पाहून हसू येईल, पण या राज्यात परवानगीच्या विलंबापोटी दंड अर्जदाराऐवजी दुसऱ्या कुणाला होण्याची तेवढीच एक सोय आहे.

या सगळ्यांतली प्रत्येक मुदत एका तारखेपासून मोजली जाते. तेव्हा अर्ज ऑनलाइन केला असेल तर क्रमांकासह पावती छापून ठेवा. हातानं देत असाल तर ओळखीच्या टेबलावर ठेवून येऊ नका, आवक-जावक खिडकीवरच द्या. दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घ्या, आणि शिक्क्यातली तारीख वाचता येण्यासारखी उमटली आहे का, हे खिडकीपाशी उभं राहूनच पाहा.