पगार नसलेल्या घराचा धडा

शाळेत पैशाचं शिक्षण हवं, असं आता सगळेच म्हणतात. साहित्याचीही टंचाई राहिलेली नाही. रिझर्व्ह बँकेची चित्रपुस्तकं फुकट उतरवून घेता येतात. रिझर्व्ह बँक, सेबी, विमा नियामक आणि पेन्शन नियामक या चौघांनी मिळून उभ्या केलेल्या राष्ट्रीय वित्तीय शिक्षण केंद्राच्या कार्यपुस्तिका आहेत. शेअर दलालांनी शिकवणीची संकेतस्थळं काढली आहेत. यूट्यूबवर तर मोजदादच नाही. हे चाळायला बसलं की एक गोष्ट पुन्हा पुन्हा खटकते. बहुतेक धड्यांतलं घर एकच आहे. त्या घरात पहिल्या तारखेला पगार येतो.

पन्नास-तीस-वीसचा नियम घ्या. हातात आलेल्या पैशातले ५० टक्के गरजांना, ३० हौसेमौजेला, २० बचतीला. एलिझाबेथ वॉरन आणि त्यांची मुलगी अमेलिया वॉरन त्यागी यांनी २००५ साली एका पुस्तकातून हा नियम लोकांपुढे ठेवला, तो अमेरिकेतली कमावती कुटुंबं डोळ्यांसमोर ठेवून. तिथे तो चालतही असेल. आपल्याकडे मात्र तो अर्थसाक्षरतेचा पहिला पाठ होऊन बसलाय. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कुटुंबातल्या मुलीने तो कसा लावायचा? तिच्या आईबापाने हंगामाआधीच मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती कुणाच्या लग्नात, दवाखान्यात, जुन्या देण्यात गेलेली असते. पुढचे पाच-सहा महिने कोयता चालतो तो ती उचल फिटावी म्हणून. वीस टक्के काढायचे कशातून? धड्यातून त्या मुलीच्या मनात एवढंच उतरतं, की आपले आईबाप बचत करत नाहीत म्हणून गरीब आहेत. भर वर्गात झालेला हा अपमान आहे, आणि तो झाल्याचं कुणाच्या गावीही नसतं.

राज्य मंडळाला श्रेय द्यायलाच हवं. २०१८ मध्ये आलेल्या दहावीच्या गणित भाग १ मध्ये ‘अर्थनियोजन’ नावाचं आख्खं प्रकरण आहे. त्यात जीएसटी आहे, शेअरची दर्शनी किंमत आणि बाजारभाव आहे, दलाली आहे, म्युच्युअल फंड आणि एसआयपीही आहे. हे धाडसाचं पाऊल होतं. पण ज्या घरात एसआयपीचा हप्ता कधी गेला नाही, त्याच घरातून बचतगटाचा किंवा मायक्रोफायनान्स कंपनीचा हप्ता ठरल्या दिवशी जातो. त्या हप्त्याचं उदाहरण त्या प्रकरणात नाही.

आपण मुलांना द.सा.द.शे. घोटून घेतो. गावात मात्र व्याज महिन्यावर बोललं जातं. शेकडा तीन म्हणजे महिन्याला तीन, वर्षाला छत्तीस टक्के. दुसरीकडे दुकानदार किंवा एजंट ‘फ्लॅट १२ टक्के’ म्हणतो, तेव्हा काय होतं ते मांडून पाहा. दहा हजारांचं कर्ज, मुदत एक वर्ष. व्याज १,२०० रुपये. एकूण ११,२०० रुपये बारा हप्त्यांत, म्हणजे महिन्याला ९३३ रुपये आणि वर काही पैसे. ऐकायला सोपं. पण दहा हजार वर्षभर आपल्याकडे राहतच नाहीत. पहिला हप्ता गेला की मुद्दल कमी होतं, दुसऱ्याला आणखी कमी, आणि व्याज मात्र पहिल्या दिवसाच्या दहा हजारांवर चालूच. शिल्लक मुद्दलावर हिशोब केला तर हाच दर वर्षाला जवळपास साडेएकवीस टक्के भरतो. दहावीतल्या मुलाला हे तासाभरात समजतं. आणि एकदा समजलं की घरात सही करण्याआधी तोच मुलगा कागद हातात घेतो.

तो कागद आता मिळतोही. १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जांसोबत ठळक तथ्यांचं पत्रक देणं रिझर्व्ह बँकेने सक्तीचं केलंय. सगळे खर्च धरून वर्षाचा खरा दर किती, ते त्यात लिहावंच लागतं, आणि तेही कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत. या पत्रकाचा एक कोरा नमुना पडद्यावर टाका आणि वाचायला शिकवा. कोरा म्हणालो ते मुद्दाम. कोणाच्या घरावर किती कर्ज आहे हे वर्गात उघडं पडता कामा नये.

तीच गोष्ट अर्थशास्त्राची. मागणी-पुरवठ्याचा आलेख शिकवायला निफाड तालुक्यातल्या शाळेला परदेशी व्हिडिओ कशाला हवा? कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर रोजचे बाजारभाव आहेत: आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर, सर्वसाधारण दर. लासलगावच्या कांद्याचे २०२३-२४ चे आकडे मुलांना वहीत उतरवू द्या. मग शेजारी तारखा लिहायला सांगा. ऑगस्ट २०२३, निर्यातीवर ४० टक्के शुल्क. नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समित्यांत लिलाव बंद. ८ डिसेंबर २०२३, निर्यातबंदी. ४ मे २०२४, बंदी उठली, पण ४० टक्के शुल्क आणि टनाला किमान ५५० डॉलरची अट घालून. सप्टेंबरात शुल्क २० टक्क्यांवर आलं आणि १ एप्रिल २०२५ ला गेलं. आता विचारा, भाव का पडला, कोणासाठी पाडला, शहरातल्या घराला काय मिळालं आणि शिवारातल्या घराचं काय गेलं. वर्गात वाद होईल. होऊ द्या! बापाने पैसे उडवले म्हणून हप्ता थकला, की भावच मिळाला नाही म्हणून, हे मुलाला त्या आकड्यांतून कळेल. हा फरक न शिकवता नुसती काटकसर शिकवणं मला अन्यायाचं वाटतं.

पीककर्जाचंही तसंच. मुदतीत फेडलं तर तीन लाखांपर्यंत आपल्या राज्यात व्याज शून्यावर येतं. ही सवलत हातची जाऊ नये म्हणून काही दिवसांसाठी सावकाराचे पैसे उचलून ‘नवं-जुनं’ करणारी, म्हणजे जुनं कर्ज फेडून लगेच नवं घेणारी घरं गावोगाव आहेत. त्या थोड्या दिवसांचं व्याज आणि वाचलेलं व्याज समोरासमोर मांडणं हे गणिताचं उत्तम उदाहरण आहे. ते मला आजवर एकाही ऑनलाइन धड्यात दिसलं नाही.

शाळा हे सांगत नाही तेव्हा मोबाइल सांगतो. ज्या घरात महिन्याची आवक ठरलेली नाही, तिथे ‘महिन्याला हमखास कमाई’ हे शब्द फार गोड लागतात. वायदे-ऑप्शनमध्ये उतरलेल्या दर १०० जणांपैकी ९३ जणांना २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत तोटा झाला, असं सेबीनेच सप्टेंबर २०२४ मध्ये सांगितलं. २०२३-२४ मध्ये त्या बाजारात उतरलेल्यांपैकी ४३ टक्के लोक तिशीच्या आतले होते. धड्याखाली खातं उघडायची लिंक असेल, तर तो धडा शाळेच्या दारातूनच परत पाठवावा. मग तो कितीही सुबक असो. फसवणुकीचे प्रकार सांगणारी रिझर्व्ह बँकेची ‘राजू आणि चाळीस चोर’ ही पुस्तिका मात्र जरूर वर्गात घ्यावी, कारण ती कोणाला काही विकत नाही.

बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड आहेत. त्यामागे ‘दीक्षा’ या शैक्षणिक पोर्टलवर कितीही मजकूर घालता येतो, पुस्तक नव्याने छापावं लागत नाही. ‘अर्थनियोजन’ प्रकरणाच्या कोडमागे चार उदाहरणं येत्या जूनपर्यंत टाका: उचलीचं, फ्लॅट व्याजाचं, भिशीचं, नव्या-जुन्याचं. ती लिहायला तज्ज्ञांची समिती बसवू नका. बीड, निफाड आणि गडचिरोलीत गणित शिकवणाऱ्या शिक्षकांना लिहू द्या, आणि त्या लेखनाचं मानधन वेळेवर द्या.