पेटीवाल्याची बोटं

लंडन (ऑन्टारिओ)
18 मार्च 2019

ती. बाबांस,


आधी एक दुरुस्ती. गेल्या मंडईच्या जत्रेत दंडारीचा खेळ सुरू व्हायच्या आधी तुम्ही माइकवरून ‘माझा पोरगा बिलायतेत असतो’ असं सांगितल्याचं काकाजींनी कळवलं. बाबा, हे लंडन ते नव्हे. हे कॅनडातलं, टोरांटोपासून दोन तासांवरचं. इथेही थेम्स नदी आहे, कोव्हेंट गार्डन नावाचा बाजार आहे. ज्या साहेबांनी ही नावं ठेवली त्यांना घरची आठवण भलतीच येत असावी. राणीचा वाडा मात्र नाही. तरी गाव अगदीच टाकाऊ समजू नका. आजी रोज ज्याची सुई टोचून घेते, त्या इन्सुलिनची कल्पना फ्रेडरिक बँटिंग या डॉक्टरला 1920 साली एका रात्री याच गावात सुचली. माइकवरून सांगायचंच असेल तर पुढच्या वेळी हे सांगा.

आता आईची खबर. तब्येत उत्तम, थंडीवर राग कायम. गेल्या शुक्रवारी आम्ही तिला आइस हॉकीची मॅच दाखवायला नेलं. साडीवर दोन स्वेटर, त्यावर माझा कोट, पायात सुनेचे बर्फातले बूट. दारातून आत गेल्याबरोबर गार हवेचा झोत अंगावर आला, तशी ती थांबलीच. म्हणाली, “का गा, घरी थंडी कमी पडत होती का, म्हणून पैसे देऊन थंडीत बसाले आणलंस?” याचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं. इथे दहा वर्षं राहूनही नाही.

मॅचचं नाव ज्यूनो कप. इकडे गाण्याबजावण्याचा मोठा मान म्हणजे ज्यूनो पुरस्कार. पिएर ज्यूनो नावाचे एक सरकारी अधिकारी होते, त्यांच्या नावावरून. रेडिओवर ठरावीक वाटा कॅनडाच्याच गाण्यांचा असला पाहिजे, हा नियम 1971 मध्ये आला तो त्यांच्या कारकिर्दीत. शेजारी अमेरिकेएवढा भोंगा असल्यावर आपली पिपाणी ऐकू यायला कायदाच लागतो. या पुरस्कारांचा सोहळा आपल्या वडशाच्या नाटक कंपन्यांसारखा गावोगाव फिरतो आणि यंदा आमच्या गावी आला होता. मुख्य कार्यक्रम काल, रविवारी झाला. त्याच्या दोन दिवस आधी ही मॅच. एका बाजूला गायक-वादक, त्यांच्या संघाचं नाव रॉकर्स. दुसऱ्या बाजूला एनएचएल या इथल्या सर्वांत मोठ्या लीगमधून निवृत्त झालेले खेळाडू. 2004 साली एडमंटनला ही मॅच सुरू झाली. गोळा झालेला पैसा म्युझीकाउंट्स नावाच्या संस्थेला जातो आणि ती शाळांना वाद्यं घेऊन देते. हे आईला समजावून सांगितलं, तर तिने सगळं ऐकून एकच विचारलं, “मंग गायचं सोडून हे पडून काहून रायले?”

पडत होते, हे खरं. तुम्ही रोवणीच्या दिवसांत बाया पाहिल्या आहेत ना, डोक्यावर पऱ्ह्यांच्या पेंड्या, खाली ओला धुरा, आणि चालणं असं की जणू डांबरी रस्ता? निवृत्त खेळाडू तसे. वजन वाढलेलं, दाढी पांढरी, पण बर्फावर पाय ठेवला की वीस वर्षं गळून पडतात. मागे वळून बघत, उलटं जात, गप्पा मारत खेळतात. आणि गायक-वादक म्हणजे त्याच धुऱ्यावरून शहरातून आलेला जावई. सगळेच नाहीत हं. इथली पोरं चालायला लागतात न लागतात तोच बर्फावर जातात, त्यामुळे काही वादक झकास खेळतात. पण झकास आणि पोट भरण्याइतकं यात किती अंतर असतं, ते या मॅचमध्ये उघडं पडतं. आपल्याकडे हौशी गायक रेकॉर्डिंगवाल्या गायकासोबत बसला की पडतं तसंच. इथे फक्त फासा उलटा.

ज्या वस्तूमागे सगळे धावतात ती काळ्या रबराची चकती. 3 इंच रुंद, 1 इंच जाड, वजन 170 ग्रॅम. आत्याच्या दिवाळीतल्या अनारशाएवढी, आणि तेवढीच मऊ. ती उसळू नये म्हणून खेळाआधी गोठवून ठेवतात. गोलकीपरच्या अंगावर गाद्या, तोंडावर जाळी, तरी ती येताना पाहिली की माझे डोळे मिटत होते.

आईला सगळ्यांत आवडली ती मात्र झांबोनी. 20 मिनिटांचा एक डाव संपला की एक ढबू गाडी येते, बर्फ खरवडते आणि मागून गरम पाण्याचा पातळ थर सोडत जाते. तो गोठला की मैदान आरशासारखं. फ्रँक झांबोनी नावाच्या माणसाने 1949 मध्ये कॅलिफोर्नियात ती बनवली. तेही जिथे बर्फ पडत नाही अशा गावात. आई पुढे वाकून बघत होती. गाडी बाहेर निघाली तशी म्हणाली, “सारवलं चांगलं. तो कोपरा राहिला.” खरोखरच राहिला होता.

कोण जिंकलं विचाराल, तर ते बघायला आम्ही थांबलो नाही. तिसऱ्या डावात आईचे पाय बधिर झाले. तोवर तिने दोन्ही बाजूंच्या गोलांना सारख्याच टाळ्या दिल्या होत्या.

आता मूळ मुद्दा, ज्यासाठी कागद घेऊन बसलो. ब्लू रोडिओ नावाच्या बँडचे गायक जिम कडी हे रॉकर्सचे वर्षानुवर्षांचे कप्तान. (आईने दोनदा विचारलं, ‘कढी’ की ‘दाराची कडी’?) जन्म 1955 चा, म्हणजे तुमच्याच बरोबरीचे. ते गिटार वाजवतात, पियानो वाजवतात. पोट बोटांवर. आणि असली माणसं हातात काठी घेऊन त्या गोठलेल्या अनारशामागे धावतात! बाबा, मी पाचवीत असताना शाळेमागच्या मैदानात कबड्डी रंगात आली होती आणि तुम्ही मला कान धरून घरी आणलं होतंत. “पेटीवाल्याच्या पोराची बोटं मोडली तर सूर कुठून काढणार?” असं सगळ्या पोट्ट्यांसमोर. पुढे मी पेटीवर सारेगमच्या पुढे गेलो नाही, आणि कबड्डीही गेली. बोटं तेवढी शाबूत आहेत. त्यांनी मी इथे कॉम्प्युटरवर दिवसभर टकटक करतो, जे कबड्डीत मोडलेल्या बोटांनीही जमलं असतं.

तक्रार नाही, पण भरपाई म्हणून एक मागणी आहे. शाळेची पेटी भात्यातून फाटली आहे असं तुम्हीच सांगता. येत्या दिवाळीनंतर मंडईच्या दुपारी दंडार पार्टी विरुद्ध गावातले जुने कबड्डीपटू, अशी मॅच लावा. तिकीट ठेवा, पैसे पेटीला. इथले गायक बर्फावर मार खातात, पण आपले दंडारवाले मातीवर जिंकतील, हे मी लिहून देतो. कारण आइस हॉकीत गळ्याचा काही उपयोग नाही, आणि कबड्डीत सगळा खेळ दमाचा. चढाई 30 सेकंदांची. काकाजी गवळणीत एक तान घेतात तेवढ्यात तालुक्याचा कबड्डीपटू दोनदा श्वास सोडून आउट होईल. राधेचं सोंग घेणाऱ्याला लुगड्यातच उतरवा, पकडायला कुणाचा हात धजणार नाही. ढोलकीवाल्याला मात्र राखीव ठेवा. ढोलकीवाला मोडला तर रात्रीची दंडार मोडते, आणि मग लोक तिकिटाचे पैसे परत मागतील.

तुम्ही स्वतः खेळायचं नाही. पंच व्हा. शिट्टी तरी सुरात वाजेल.

बुधवारी होळी. इथे लाकडांची होळी जमत नाही, म्हणून यंदाही मेणबत्ती. आई म्हणते, येताना आणलेली लाखोळीची डाळ संपत आली, आणि गावच्या तलावातले शिंगाडे वाळवून ठेवले असतील तर कुणाच्या हाती पाठवा. नातवाला मॅच पाहिल्यापासून गोलकीपर व्हायचं आहे. काल संध्याकाळी तो मागच्या अंगणात उघड्या हातांनी चकती अडवत होता, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “अरे, बोटं!” त्याचा तबल्याचा क्लास आत्ताच सुरू झालाय ना.

आई खिडकीत उभी राहून हसत होती. हे तुम्हाला लिहायचंच, असं तिने बजावलं. मी लिहिणार नव्हतो.

आपला,
मोठा