एस लहान काढा, मामा

१४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०ची देखभाल थांबवली आणि माझा जुना लॅपटॉप माझ्यासारखाच निवृत्त झाला. नवं विंडोज त्याला पेलेना. दिवाळीत पुण्याचा भाचा लोधिवलीला आला आणि फराळ संपायच्या आत त्यात लिनक्स घालून गेला. बँक, मेल, भजनं, सगळं माऊसवर सुरळीत चाललं. मग प्रिंटर रुसला.

भाच्याने मोबाइलवरून एक ओळ पाठवली. "मामा, टर्मिनल उघडा आणि जसंच्या तसं टाइप करा." केलं. अशी आज्ञाच नाही, लॅपटॉप म्हणाला. भाच्याच्या मोबाइलने ओळीतल्या 'सुडो' या पहिल्या शब्दाचा एस परस्पर मोठा केला होता आणि लिनक्सच्या लेखी मोठा एस आणि लहान एस यांची साधी तोंडओळखही नसते. एस लहान केला, तर पासवर्ड मागितला. टाइप करतोय तर पडद्यावर टिंबसुद्धा उमटेना. मी कीबोर्डवर फुंकर मारून पाहिली. ते मुद्दामच दिसत नाही, हे नंतर कळलं.

पाताळगंगेच्या कारखान्यात मी कंट्रोल रूममध्ये होतो. बटण दाबलं की लांबचा व्हॉल्व्ह उघडायचा. नाहीच उघडला, तर कुणीतरी जाऊन हँडव्हील फिरवायचं. ते चाक काढून टाका, असं कुणी कधी म्हटलं नाही. पण रोज पाळीला ते फिरवावं लागलं असतं, तर आम्ही मेंटेनन्सला चिठ्ठी धाडली असती, ऑपरेटरला शिकवणी लावली नसती. टर्मिनल हे माझ्या लेखी तसंच चाक आहे.

भाच्याला हे पटत नाही. "बटण कुठे आहे ते फोनवर सांगायला अर्धा तास जातो, मामा. ओळ लगेच पाठवता येते." खरंय. पण ही सोय सांगणाऱ्याची झाली, ऐकणाऱ्याची कुठे? शिवाय लिनक्सचे मेनू मराठीत दिसू शकतात. सी-डॅकने २००७ साली काढलेली 'बॉस' ही लिनक्सचीच, आणि तिला मराठी येतं. टर्मिनलच्या त्या काळ्या खिडकीत मात्र मराठी फाइलचं नाव आलं की बऱ्याचदा वेलांटी एकीकडे आणि अक्षर दुसरीकडे. आज्ञा तर इंग्रजीतही धड नाहीत, बहुतेक नुसती लघुरूपं.

असो. सातबारा छापून निघाला. ती ओळ मी गॅस सिलिंडरच्या तारखांच्या वहीत उतरवून ठेवली आहे. एस लहान, खाली दोनदा अधोरेखित.