नक्को सर

‘नको’ हा शब्द आम्ही मराठी लोकांनी हैदराबादला दिला. हैदराबादनं त्यात एक ‘क’ वाढवून तो परत केला. त्या वाढीव ‘क’चं व्याज वसूल करण्यासाठीच जणू जो माणूस जन्माला आला, त्याला आमची मुलं ‘नक्को सर’ म्हणतात.

मूळ रंग कुणालाच आठवत नाही अशी टोपी, गळ्यात शिट्टी, कमरेला कॅराबिनरांचा जुडगा. सर येतात ते नंदीबैलासारखे वाजत येतात. वय विचारलं तर म्हणतात, “परसों रिटायर झालो.” हैदराबादी बोलीत ‘परसों’ म्हणजे कालच्या आधीचा दिवस असतो आणि निजामाच्या आधीचाही असू शकतो. सरांना नल्लामलाच्या जंगलात वाघ दिसला, तोसुद्धा परसोंच.

संक्रांतीच्या सुट्टीत काचीगुडा, नारायणगुडा, सुलतान बाजार इथल्या मराठी घरांतली आठवी-नववीची वीसेक मुलं हा माणूस भोंगीरला नेतो. सोबत एक पालक लागतो. यंदा घरच्यांनी एकमतानं माझं नाव सुचवलं.

वरंगळच्या रस्त्यावर, शहरापासून पन्नासेक किलोमीटरवर भोंगीर आहे. एक अखंड, अंड्यासारखा गुळगुळीत खडक आणि त्याच्या पायाशी गाव. वरचा किल्ला चालुक्यांच्या सहाव्या विक्रमादित्याचा. त्याच्या त्रिभुवनमल्ल या बिरुदावरून त्रिभुवनगिरी, त्याचं भुवनगिरी आणि लोकांच्या तोंडी भोंगीर. याच राजाच्या पदरी विज्ञानेश्वरानं ‘मिताक्षरा’ लिहिली. म्हणजे माणसानं काय करावं नि काय करू नये याची यादी करणारे लोक या राजाला आवडत. सर नऊशे वर्षं उशिरा जन्मले, एवढंच.

पहाटे साडेपाचला सिकंदराबाद स्टेशनवर यादीची अंमलबजावणी सुरू झाली. सरांनी खिशातून भंगारवाल्याकडे असतो तसला ताणकाटा काढला आणि एकेक सॅक त्याला टांगली.

“किती किलो?”

“सर, नऊ.”

“सात म्हटलं होतं. उघड.”

मग जप्ती. उशी, केस सरळ करायचं यंत्र, तीन फेसवॉश, एकाच मुलाचे चार पॉवरबँक. प्रत्येक वस्तूवर एक ‘नक्को’. एका आईनं खास दिलेला बेसनाच्या लाडवांचा डबा निघाला. सरांनी तो हातात तोलला, क्षणभर थांबले आणि म्हणाले, “हे तर बिलकुल नक्को.” सगळं एका पोत्यात गेलं आणि वहीत नोंद झाली: ‘लाडू, नग अठरा.’ मी हळूच मागं सरकत होतो.

“भाऊ, तुमची पण टांगा.”

माझा उस्मानिया बिस्किटांचा पुडा वीस मुलांच्या देखत पोत्यात गेला. मुलांचा माझ्याबद्दलचा आदर त्या क्षणी संपला. सरांबद्दलचा मात्र वाढला.

भोंगीरचा खडक चढताना “किती राहिलं सर?” असं विचारलं की उत्तर एकच, “पाच मिनिट.” ही पाच मिनिटं साधारण पाऊण तासाची असतात. एका मुलानं दगडानं खडकावर आपलं नाव कोरायला घेतलं. सर शांतपणे म्हणाले, “हा ग्रॅनाइट २५० कोटी वर्षांचा आहे. इतक्या दिवसांत त्याला तुझ्या नावाची गरज पडली नाही. नक्को.”

सरांचं दुसरं अस्त्र म्हणजे पूर्णा. मालावत पूर्णा, निजामाबाद जिल्ह्यातल्या पाकाला गावच्या शेतमजुराची मुलगी, सरकारी निवासी शाळेत शिकणारी. प्रस्तरारोहणाचे पहिले धडे तिनं याच खडकावर गिरवले आणि २५ मे २०१४ रोजी आनंद कुमार या मुलासोबत एव्हरेस्ट गाठलं, तेही तिबेटच्या बाजूनं, कारण नेपाळ सोळा वर्षांखालच्यांना परवानगीच देत नाही. आता कुणाचा बूट चावो, कुणाला तहान लागो, कुणाला आई आठवो, सर म्हणणार, “पूर्णा तेरा वर्षांची होती.” दुपारपर्यंत मुलांनी सतरा वेळा मोजलं. अठराव्या वेळी एक मुलगी म्हणाली, “सर, तेरा वर्षं अकरा महिने. मला अजून सात महिने आहेत.”

सर पहिल्यांदाच गप्प झाले. मग म्हणाले, “मग बसलीस काय? सात महिन्यांत लई काम आहे.”

दुपारनंतर दोर लागले. खडकावरून खाली उतरताना अंग मागं टाकायचं असतं, खुर्चीत बसल्यासारखं, तळवे सपाट टेकवून. भीतीनं खडकाला मिठी मारली की पाय घसरतो. हे चौदा वर्षांच्या मुलाला ऐकून पटत नाही, चाळीशीतल्या पालकालाही नाही. दिवसभर सरांची हुबेहूब नक्कल करून सगळ्यांना हसवणारा मुलगा कड्याशी आला आणि त्याची बोबडी वळली. तेव्हा माझ्या लक्षात आलं, सरांचा आवाज कुठल्या कुठं गेला होता. शेजारी बसून बोलावं तसं ते बोलत होते. “मागं झुक. अजून. उजवा हात तेवढा सोडू नक्को.” सुरक्षेचा दुसरा दोर सकाळपासून त्यांच्याच कमरेला होता, वीस मुलांत तो त्यांनी कुणाच्या हाती दिला नाही.

चार पावलं उतरून मुलगा अडकला. गुडघा खरचटला, डोळे भरले. “सर, नको!”

“ए! तो माझा शब्द आहे,” सर म्हणाले. “तू हौ म्हण.”

पोरगं रडता रडता हसलं, “हौ” म्हणालं आणि मागं झुकलं. खाली पोचल्यावर पहिला प्रश्न विचारला, “सर, परत जाऊ?”

“नक्को,” सर पुन्हा मूळच्या आवाजात ओरडले. “लाइन बघ मागं किती आहे!”

परतीच्या गाडीत वही उघडून जप्तीचा माल रीतसर परत झाला. उशी मिळाली, यंत्र मिळालं, चारही पॉवरबँक मिळाले. लाडवांपुढे लिहिलं होतं, ‘नग अठरा. शिल्लक चार. बाकी तपासणीत खर्ची.’ माझ्या बिस्किटांची नोंद सापडली नाही. विचारलं तर म्हणाले, “ते परसोंच संपले, भाऊ.”

पुढच्या संक्रांतीला तुमचं मूल पाठवणार असाल तर जरूर पाठवा. सॅक सात किलोच्या आत ठेवा. आणि उस्मानियाचे पुडे दोन द्या. एक सरांचा असतो.