मूर्ख बापाचे गुणगान

प्रत्येक सोसायटीत असा एखादा बाप असतोच. मुलगा सोळाचा झाला, उंची बापाच्या वर गेली, स्कूटरवर बसल्यावर दोन्ही पाय आरामात टेकतात, बॅलन्स तर पोटातून शिकून आल्यासारखा. तरी हा गृहस्थ किल्ली देत नाही. पोरगा क्लासला सायकलवर जातो, पावसात बसने. शेजारीपाजारी म्हणतात, मूर्ख आहे. या मूर्खपणाची मी मनापासून स्तुती करणार आहे.

त्याचा पहिला गुण म्हणजे तो नियम शेवटपर्यंत वाचतो. 1988च्या मोटार वाहन कायद्याने सार्वजनिक रस्त्यावर वाहन चालवायला 18 वर्षे पूर्ण हवीत. सोळाव्या वर्षी चालते ती फक्त 50 सीसीपर्यंतची दुचाकी. शहाण्या लोकांच्या लक्षात सोळा तेवढे राहतात. घरातली स्कूटर 110 किंवा 125 सीसीची आहे, हे याला आरसी बुकात दिसते.

दुसरा गुण, मुलाची हुशारी त्याला नेमकी ठाऊक आहे. ब्रेक, अ‍ॅक्सिलरेटर चुणचुणीत पोराला आठवड्याभरात जमतात. पण उलट्या बाजूने आलेली रिक्षा, दुभाजकावरून एकदम उतरलेल्या आजी, उभ्या मोटारीचा अचानक उघडलेला दरवाजा यांचा अंदाज रस्त्यावर आधीच घ्यावा लागतो. मागे बसलेला मित्र ‘अजून पळव’ म्हणतो, तेव्हा मनगट आवरावे लागते. ही समज वयाबरोबर, सावकाश येते. म्हणून मुलाला लवकर शिकवायला त्याची ना नाही. वळणाआधी आरसा का बघायचा, पुढच्या गाडीपासून किती लांब राहायचे, हे तो मुलाला मागे बसवून दाखवतो. टायरमधली हवा तपासायला लावतो. त्याची ना आहे ती पोराला एकट्याने रस्त्यावर सोडायला.

तिसरा गुण हिशेबाचा. 2019च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीनाने गुन्हा केला, तर पालक किंवा वाहनमालकाला दोषी धरले जाते: 3 वर्षांपर्यंत कैद, 25,000 रुपये दंड, गाडीची नोंदणी 12 महिने रद्द. परवाना नसलेल्या हातून अपघात झाला, तर विमा कंपनी भरपाईची रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. पण मूर्ख बाप हिशेब मांडतो तो दुसऱ्याच्या घरचा. 19 मे 2024 च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला मोटारीच्या धडकेत दोन तरुण अभियंते गेले. मोटार 17 वर्षांचा मुलगा चालवत होता, असे पोलिसांचे म्हणणे. बाल न्याय मंडळाने जामीन देताना त्याला 300 शब्दांचा निबंध लिहायला सांगितले आणि लोक संतापले. तो संताप रास्त होता. मात्र ज्या घरांतून तो व्यक्त झाला, त्यांतल्या किती घरांत दुसऱ्या दिवशी पोराच्या हातातली किल्ली काढून घेतली गेली?

मूर्ख बापाचा मुलगा अठरा पूर्ण झाल्यावर आरटीओत जाईल, शिकाऊ परवाना काढेल, महिन्याभराने चाचणी देईल. कौतुकाने किल्ली मिळालेला त्याचा मित्र गुन्ह्यात सापडला, तर कायदा त्याला वयाच्या पंचविशीपर्यंत परवाना देणार नाही. आणि ज्याच्या अंगावर ती स्कूटर गेली, त्याला तर पंचविशीही मिळेलच असे नाही. तेव्हा पालकहो, दोन वर्षे लोकांनी मूर्ख म्हटले तर म्हणू द्या.